झिंग्यांचा श्रावण

लातूर, १७ जून २०१८

मलप्पा,

'चिरंजीव' लिहायची सवय आहे, हात तिकडे वळलाच होता, पण आवरला. आशीर्वादाचं नंतर बघू. हे पत्र समेटाचं नाही, तुझ्या माशांच्या टाकीचं आहे. फोन मी करणार नाही. फोनवर आपण बहीण-भाऊ बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि इथे क्लाससाठी माझ्याकडे राहणाऱ्या पोरी ऐकत असतात.

दिवाळीनंतर तू कपड्यांची बॅग घेऊन नांदेडला गेलास आणि टाकी माझ्या गळ्यात मारून गेलास. 'समुद्र एसटीत नेता येत नाही अक्का,' म्हणालास. बहीण तरी कुठे नेता येते. तेव्हापासून मी ती सांभाळते आहे. मीठ मोजून पाणी कालवते, दिवे वेळेवर लावते, वेळेवर बंद करते. उन्हाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवरचा पंखा टाकीकडे फिरवते आणि पोरी घामाने भिजत जेवतात. शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षीसुद्धा तू ही टाकी जगवलीस. ती माझ्या हातून गेली असं कुणी म्हणायला नको, एवढ्यासाठी लिहिते.

तर तुझ्या कोबीच्या, म्हणजे त्या कोबीच्या गड्ड्यासारख्या प्रवाळाच्या, बुडाशी, दगडाच्या फटीत, काहीतरी उगवलंय. तपकिरी, काचेसारखं, वर बारीक झालर. बोट जवळ नेलं की फटीत पळतं, बोट काढलं की पुन्हा वर. शिवानी म्हणाली की प्रवाळाच्या टाकीतलं हे तण आहे आणि ते शेजारच्याला डसतं. शिवानी म्हणजे अर्धापूरची, यंदा दुसऱ्यांदा नीटची परीक्षा देणार आहे ती. तिने इंग्रजी नावही सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर बसेना. मी त्याला गाजरगवत म्हणते. एकदा शेतात शिरलं की बांध सोडत नाही, ते.

मी उलथनं घेतलं आणि सगळं खरवडून काढलं. स्वच्छ दगड बघून समाधानाने झोपले. आठवड्याने बघते तर जिथे एक होतं तिथे दहा, आणि जिथे नव्हतं तिथेही. कोबी त्या बाजूने मिटून बसलीय. हैदराबादहून नखाएवढा तुकडा आणला होतास, तिचं ताट झालं होतं. सकाळी दिवे लागले की ती पूर्ण उघडायची, आणि पोरी पोहे खायच्या थांबून बघायच्या. ते आता होत नाही.

काय करायचं ते कळव. नाहीतर मी टाकी बंद करीन आणि तिथे दोन खाटा टाकीन. जून आहे, रोज एक आई दारात पोरगी घेऊन उभी असते आणि जागा नाही म्हटलं की डोळ्याला पदर लावते.

आणखी एक. तीस सप्टेंबरला यंदा भूकंपाला पंचवीस वर्षं होतात. रविवार आहे. जीपवाल्या नरसिंगला मी दोघांचं सांगून ठेवलंय, दरवर्षीसारखं. तू येणार की नाही ते मला कळवू नकोस, त्याला कळव.

पत्र शिवानीचे वडील शिवप्पा आणतील. केळीचा माल घेऊन दर पंधरवड्याला लातूरला येतात, जाताना नांदेडवरूनच जातात. सोबत डबा आहे, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. टाकीबद्दल विचारते म्हणून दिलाय, दुसरं काही समजू नकोस.

अक्का


लातूर, ८ जुलै

मलप्पा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. 'खरवडू नको, तुकड्या-तुकड्यापासून नवीन होतं. चुना घट्ट कालवून इंजेक्शनच्या सुईने त्याच्या तोंडावर सोड. तरी हटलं नाही तर पेपरमिंट झिंगे पाठवतो, ते हे गवत खातात.' वर नाव नाही, खाली नाव नाही. तीस तारखेबद्दल अक्षर नाही. आणि डबा रिकामा. कुणाचा डबा रिकामा परत करू नये हे शिकवायला अव्वा राहिली नाही, पण मी तर शिकवलं होतं. निदान चार दाणे साखरेचे तरी टाकायचे.

पानटपरीवरून चुना आणला. शिवानीने सुई धरली, पोरीचा हात स्थिर आहे, डॉक्टर झाली तर चांगली होईल. मोठी मोठी गवतं चुन्याने गेली. पण फटीतल्यांपर्यंत सुई पोचत नाही. पाणी पांढरं झालं, जोकर माशांची जोडी दिवसभर कोपऱ्यात बसून राहिली, आणि आठवड्याने गवत पुन्हा तेवढंच. कोबीचा डावा काठ आता पिठासारखा झडतो आहे.

राहिले तुझे झिंगे. मलप्पा, हे जेवणाचं घर आहे. इथे कधी अंडं आलं नाही. निलंग्याच्या, उदगीरच्या आया पोरींना माझ्याकडे ठेवतात त्या एवढ्याच भरवशावर. गळ्यात लिंग घालून मी तिथे खाटीक आणून बसवू? रोज सकाळी पूजा करून बाहेर यायचं आणि ते कुणाला तरी सोलून खाताहेत ते बघायचं?

गुरम्मापुढे बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती, तिने वरही बघितलं नाही. म्हणाली, "अक्का, ते खाऊन राहिलंय, आपण कुटं खाऊन राहिलो? मांजर उंदीर खाती म्हणून तुमी मांजरीला लिंग बांधणार हाव का?" एवढी वर्षं माझ्या चुलीपुढे बसून या बाईची जीभ माझ्यासारखीच झालीय.

पाठव झिंगे. कोबी माझ्या डोळ्यांदेखत जाते आहे आणि मला ते बघवत नाही. थकले आहे मी. पहाटे उठून एवढ्या पोरींचे डबे करायचे, कोण रडते आहे, कुणाला ताप आहे, कुणाच्या टेस्टला मार्क कमी पडले ते बघायचं, आणि मग एका गवताशी भांडायचं.

डब्यात करडईची भाजी आणि भाकरी. भाजी दुपारपर्यंत संपव.

अक्का


लातूर, २२ जुलै

मलप्पा,

झिंगे पोचले. चार. आरपार दिसणारे, अंगावर लाल रेघा, मिश्या अंगाहून लांब. खाटीक म्हणावेत असे अजिबात दिसत नाहीत, कुठल्या तरी लग्नात हरवलेली पोरं वाटतात.

तुझ्या क्लासची कुणी बाई थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन एसटीने आली होती. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 'सरांनी पाठवलंय,' एवढंच म्हणाली. चपला दाराबाहेर जोडीने काढल्या. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी एक व्हावं म्हणून सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडत ती तासभर फरशीवर बसून होती. उंच आहे, बारीक आहे, आवाज मास्तरणीचा. बोलता बोलता कळलं की केमिस्ट्री शिकवते. मला काय त्याचं.

जेवणाची वेळ झाली होती, म्हणून पोरींच्या पंगतीत बसवलं. आल्या माणसाला जेवू घालतो तसं घातलं. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागून घेतली. ताट स्वतः उचलायला लागली, तर मी उचलू दिलं नाही.

जाताना तिने तुझा निरोप तीनदा सांगितला. "अक्का, यांना काहीच घालायचं नाही बरं का. माशांना चिमूटभर, तेही लगेच संपेल एवढंच. झिंगे उपाशी राहिले तरच गवताला तोंड लावतात." मी हो म्हटलं. उपाशी ठेवायचं म्हणजे काय हे मला शिकवायला कुणी यायला नको. तुमच्या क्लासची जाहिरात परवाच्या पेपरात होती, वर रँकवाल्या पोरांचे फोटो आणि खाली तुमच्या संचालकांचं वाक्य, 'ज्याला भूक, त्याचाच नंबर.' तुमच्याकडे झिंग्यांना आणि पोरांना एकच नियम दिसतो.

या वेळी तुझा डबा परत आला त्यात साखर होती. वर वेलदोड्याचे दोन दाणे. तुझ्या हातची नव्हे ती, तुला वेलदोडा कुठे असतो ते माहीत नाही. बरं केलंय ज्याने कुणी केलंय त्याने.

नरसिंग म्हणाला की त्याला अजून कुणाचा फोन आला नाही.

डब्यात शेंगुळे आहेत. थोडे जास्तच घातलेत, एकट्याचे नाहीत.

अक्का


लातूर, १० ऑगस्ट

मलप्पा,

कोबी अर्धी गेली. गेल्या वेळच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं की तुझे झिंगे फसवे निघाले, गवताकडे ढुंकूनही बघत नाहीत, दगडावर बसून मिश्या हलवतात आणि जाड होत चाललेत. त्यावर तुझं उत्तर आलं, दोनच ओळी, आणि पेन कागदातून आरपार गेलेलं. 'जाड कसे होतील? कुणीतरी खायला घालतंय. शोध.'

मी शोधलं. रात्रीच्या पंगतीत सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं. मग निलंग्याची एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, ती रोज पोळीचा कण टाकते. मग तिच्या शेजारची. मग शिवानी खाली बघून म्हणाली, "अक्का, ते काचंला चिटकून आमच्या ताटाकडं बघत बसतेत. घास उतरत न्हाई." तिला सगळं माहीत आहे, त्या गवताचं इंग्रजी नावसुद्धा माहीत आहे, तरी वरणातली डाळ टाकत होती. मी गुरम्माकडे बघितलं. गुरम्मा म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? शेंगदान्याचा कूट हाय, इख न्हाई." आणि मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

हो. मीही. सकाळी पूजा झाली की माशांना चिमूट टाकते आणि एक चिमूट झिंग्यांच्या दगडावर. पहिल्या दिवसापासून. चार जीव माझ्या जेवणघरात उपाशी बसलेत आणि मी त्यांच्यासमोर पन्नास ताटं वाढते, हे माझ्या हाताला जमलं नाही. म्हणजे शिकाऱ्याला जेवू घालून घालून आम्ही शिकार विसरायला लावली, आणि कोबी त्यात मेली. हसशील तू. हस.

पण दिवाळीनंतर याच जेवणघरात तू मला काय म्हणालास ते मी विसरलेली नाही. तू नांदेडला कचेरीत जाऊन लग्न केलंस, मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलंस, आणि कपडे न्यायला आलास तेव्हा मी म्हटलं की रेणापूरची मुलगी मी बघून ठेवली होती, तुझ्यासाठी काय कमी केलं मी. तेव्हा तू म्हणालास, "तू मला कधी भूकच लागू दिली नाहीस अक्का. मला काय पायजे ते मला कळायच्या आत तू ताटात वाढलेलं असायचं." पोरी जिन्यात उभ्या होत्या. मला वाटलं, याहून एखादी चापट बरी.

मलप्पा, तू चार वर्षांचा होतास. गाव पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तंबूबाहेर खिचडी वाटत होते. भांडं नव्हतं, म्हणून मी ओंजळीत घेतली. हात भाजत होते. तू माझ्या हातातून खाल्लीस, संपवलीस, आणि दुसऱ्यांच्या हातांकडे बघत उभा राहिलास. मागितलं नाहीस. नुसता बघत होतास. मी सोळा वर्षांची होते आणि मला एवढंच कळलं की हे पोर पुन्हा असं कुणाच्या हाताकडे बघता कामा नये. तुझ्या मागे जे काही मी वाढत राहिले ते त्या एका बघण्यामुळे. तुला ते जड झालं असेल. मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

असो. सोमवारपासून श्रावण सोमवार सुरू होतात. मी पोरींना सांगितलंय, या वर्षी झिंग्यांनाही श्रावण आहे. जेवणाच्या वेळी टाकीवर माझी जुनी इरकल साडी टाकणार आहे. ते आम्हाला बघणार नाहीत, आम्ही त्यांना.

डबा आहे. त्यात काय आहे ते लिहीत नाही.

अक्का


लातूर, ९ सप्टेंबर, पोळा

मलप्पा,

या पत्रासोबत डबा नाही. शिवप्पांनी दोनदा विचारलं, "राहिला का आत?" मी म्हटलं, "नाही, यंदा नाहीच." कारण शेवटी लिहिते.

आधी झिंगे. पहिले चार दिवस वाईट गेले. मीच ताट घेऊन स्वयंपाकघरात बसायची. साडी टाकलेली असली तरी ते तिच्यामागे आहेत हे माहीत होतं. पोरी हळू आवाजात जेवायच्या, घरात कुणी आजारी असल्यासारख्या. एक झिंगा कात टाकून बसला, तर मला वाटलं मेलाच. मी रडले, आणि गुरम्माने कुटाची वाटी फडताळात ठेवून किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

दुसऱ्या सोमवारी दुपारी पोरींची पंगत उठल्यावर मी साडी काढायला गेले. पदर जरा वर केला आणि थांबले. अंधार झाला असं समजून ते भरदुपारी बाहेर आले होते. एक झिंगा गवताजवळ उभा होता. आधी त्याने एक तंतू ओढला आणि मागे सरला. मग पुन्हा पुढे. दोन्ही हातांनी, भाकरी मोडावी तसा, एक एक तंतू तोडून तो खात होता, आणि गवत फटीत पळत होतं तर तोही मागे फटीत शिरला. मी नजर काढली नाही. कुणी वाढलं नाही, कुणी दाखवलं नाही. त्याचं त्यालाच कळलं काय खायचं ते.

आता गवत जवळजवळ संपलंय. कोबीही जवळजवळ संपलीय, हे लपवत नाही. तुला सांगायचं टाळत होते. मोठा बुंधा सडला, तो मी शिवानीकडून कापून घेतला. अंगठ्याएवढा एक तुकडा चांगला होता, तो दगडाला दोऱ्याने बांधलाय. काल सकाळी दिवे लागल्यावर त्याची बोटं बाहेर आली होती. मोजकीच.

आता डब्याचं. मी जूनपासून तुला टाकीबद्दल विचारते आहे आणि दर वेळी खाली तीस तारीख लिहिते आहे, आणि डबा पाठवते आहे. तू धपाटे खातोस आणि तीस तारखेचं उत्तर देत नाहीस. कशाला देशील. पोट भरलेलं आहे.

तुला त्या पहाटेचं आठवत नाही, म्हणून मी दरवर्षी सांगते आणि तू दरवर्षी ऐकतोस. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून, हातात लिंग देऊन मातीत ठेवतात. अव्वा-अप्पांना सगळ्यांबरोबर एका सरणावर ठेवलं. लाकडं पुरेनात तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया घातल्या. त्या दिवसात कुणी कुणाला काय विचारणार, आणि सोळा वर्षांच्या पोरीला कोण विचारणार. अप्पांचं लिंग मला ढिगाऱ्यात सापडलं, ते मी शेताच्या कोपऱ्यात हातांनी खड्डा करून ठेवलं. तू माझ्या परकराला धरून उभा होतास. आपली समाधी म्हणायची ती तेवढीच.

मी यंदाही जाणार आहे. नरसिंगला आता दोघांचं सांगितलेलं नाही, मी येते एवढंच सांगितलंय. तीस तारखेपर्यंत पत्र लिहिणार नाही. डबा पाठवणार नाही. शिवप्पांकडून निरोप देणार नाही. तुला काय पाहिजे ते तुझं तुला कळू दे. हे मी रागाने लिहीत नाही.

अक्का


लातूर, २ ऑक्टोबर

चि. सौ. राजश्रीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. हे शब्द जूनपासून शिल्लक होते, तुझ्या नावावर खर्च करते.

परवा रात्रीच्या गाडीने तुझा नवरा तुझ्याकडे पोचला, तो काय बोलला असेल मला माहीत नाही. तो चार ओळींचा माणूस आहे. म्हणून मी लिहिते.

रविवारी मी नरसिंगच्या जीपमध्ये एकटी गेले. मोकळ्या सीटवर पूजेची पिशवी ठेवली होती. नव्या गावात पंचविसावं म्हणून मंडप होता, माईक होता, मोठी माणसं आली होती. मी तिकडे थांबले नाही, जुन्या शेतावर गेले. कोपऱ्यातला दगड पुसला, विभूती लावली, बेल वाहिला. ऊन वर आलं. नरसिंग दोनदा म्हणाला, "निघायचं का अक्का?" दोनदा मी म्हटलं, थांब. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, मीच उठले. मनात म्हटलं, झालं, एवढंच होतं.

जीपपाशी आले तर हा चिखलातून येत होता, चपला हातात घेऊन. एसटी स्टँडपासून चालत. दगडापाशी बसला, बराच वेळ बसला, मग विभूती लावून जीपमध्ये येऊन बसला, पिशवी मांडीवर घेऊन. वाटेत नरसिंग एकटाच बोलत होता, टायरांबद्दल.

इथे आल्यावर आधी टाकीपाशी गेला. तो अंगठ्याएवढा तुकडा बघितला. ताटाएवढी कोबी त्याने वाढवली होती. मला वाटलं आता बोलेल मला. त्याने काचेवर बोट ठेवलं, झिंगा त्या बोटापाशी आला, आणि हा म्हणाला, "जगंल हे." बास.

पंगत बसली होती. मी वाढत होते आणि मी त्याला बोलावलं नाही. राजश्री, मी आयुष्यात पुष्कळ कामं केलीत, माणसं जाळताना बघितलीत, पण याहून कठीण मला काही गेलेलं नाही. हातात भाकरीची टोपली, तो दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि मी त्याच्या पुढून जाते आहे. गुरम्मा दारातून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. पोरींचे घास थांबले होते. त्याला आधी कळलंच नाही. नेहमीसारखा ताटाची वाट बघत उभा राहिला. मग इकडे तिकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"अक्का," म्हणाला, "लई भूक लागलीय. वाढ की."

एकोणतीस वर्षांचा झाला, पहिल्यांदा मागितलं त्याने. मी ताट वाढलं. तो खात होता तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, पदर तोंडावर. पोरींनी बघितलं असेल तर बघू दे.

जेवल्यावर सांगितलं की पहाटे तू पोहे केले होतेस ते त्याने खाल्ले नाहीत, 'अक्काकडंच जेवीन' म्हणाला तुला. हे त्याने मला बघितल्यावर ठरवलं नव्हतं, नांदेडलाच ठरवलं होतं, हे मला बरं वाटलं.

तो लातूरला परत येणार नाही, हेही म्हणाला. तिथलाच क्लास, तिथलंच घर. मी वाद घातला नाही. लग्नाला मला बोलावलं नाहीत याचा राग मला अजून आहे, आणि काही दिवस राहील. तो माझा मी सांभाळीन, तुमच्यावर टाकणार नाही.

एक सांगायचं राहिलं. पेटी घेऊन आलीस त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं. दारात चपला काढतानाच. या पोरींनी तुमच्या लग्नाचा फोटो मला कधीच दाखवला होता. त्याला मात्र 'कुणी बाई' असं लिहिलं. तू अर्धी भाकरी मागून घेतलीस ना, तेव्हापासून तुझ्यावर रागावणं मला जड जातं.

गवत संपलंय. आता झिंग्यांना रोज खायला घालायचं, नाहीतर ते उरलेल्या कोबीला तोंड लावतील, असं तुझा नवरा सांगून गेला. त्यांचा श्रावण सुटला. पोरी पाळी लावून भांडतात, कुणी घालायचं यावरून. तुमच्या क्लासच्या टाकीत तेच गवत माजलंय म्हणे, दोन झिंगे त्याला न्यायचे होते. मी दिले नाहीत. म्हटलं, आणणारी घेऊन जाईल.

तर झिंगे न्यायला तू ये. या वेळी पोरींच्या पंगतीत नाही, आत स्वयंपाकघरात बसू, मी आणि तू आणि गुरम्मा. रविवारी ये. नांदेडहून निघताना काही खाऊन निघू नकोस.

अक्का